निरोपांची फाईल

दुपारी एक वाजता, कास्त्रोच्या रेडिओवर
हेरिबेर्तो बार्रिया बेटांचे निरोप वाचायचा.
केउईच्या एदिताला कळावे,
लाँच गुरुवारी येईल, बटाट्याची पोती धक्क्यावर ठेव.
चेलिनच्या रोसामेलला कळावे,
तुझी आई काल रात्री दवाखान्यात वारली.
दोन्ही एकाच सुरात.
मध्ये फक्त एक श्वास
आणि कागद उलटल्याचा आवाज.

त्याचा स्वतःचा निरोप दुसऱ्याच कुणीतरी वाचला.

आता त्याच्या कॅसेटींच्या फाईली उघडून मी बसले आहे,
एलियाना नाउएलकिन, ध्वनी विभाग,
म्हणजे मी आणि ओल्या लाकडानं चुरचुरणारी शेगडी.
स्टेशनला चाळीस वर्षं झाली, शनिवारी कार्यक्रम.
संचालक म्हणाले, तीन मिनिटं दे,
जरा हसतंखेळतं,
आणि हे बघ, त्यात कुणी मेलेलं नको.

डावीकडे जुनी फाईल, उजवीकडे नवी, कोरी.
माऊस ओढला की आवाज निळा होतो.
कॉपी. पेस्ट.
आणि हेरिबेर्तो एकदम घाईत बोलायला लागला,
पातळ, उंच गळ्यानं,
वीस वर्षांनी तरुण,
बोट सुटत असल्यासारखा.
जुनी फाईल चव्वेचाळीस हजार शंभरची,
नवी अठ्ठेचाळीस हजारांची.
एका सेकंदात किती ठिपके बसवायचे,
वाद एवढाच.
मी हसले. पुन्हा ऐकलं.
तिसऱ्यांदा, दार लावून.
मी नोकरीला लागले तेव्हा
तो आधीच खोकत होता.
मग रूपांतर केलं,
तो मुकाट्यानं आपल्या वयात परत आला.

पुढचं कसं झालं सांगते.
फोन वाजला, मेहुण्याचा, गाडीच्या टायरबद्दल.
सी आणि एक्स शेजारी शेजारी.
कॉपीच्या जागी कट झालं,
निवडही जरा पुढे सरकलेली,
आणि हाताला खोड, लगेच सेव्ह.

माझे वडील छपराच्या फळ्या पाडायचे.
लाकूड कापलं की फट राहते,
भुसा पडतो, वास सुटतो.
लोकर उसवली तर निदान दोरा लोंबतो.
इथं नाही.
मधलं काढलं की दोन्ही कडा आपणहून सरकतात,
एकमेकींना भिडतात,
मध्ये कुणी नव्हतंच अशा.

मी प्ले दाबलं.
केउईच्या एदिताला कळावे,
तुझी आई काल रात्री दवाखान्यात वारली.

सांधा शोधूनही सापडेना.
एदिताला मी ओळखते,
बंदरावरच्या बाजारात मोजे विकते,
भावात एक पेसोही सोडत नाही.
तिची आई खूप नंतर गेली, म्हातारी होऊन,
आपल्या अंथरुणात.
पण मला वाईट एदिताचं नाही वाटलं.

रोसामेलला काहीच कळलं नव्हतं.
या फाईलीत तो चेलिनवर
रेडिओची बॅटरी जपत
जाळ्याची भोकं सांधत बसलाय,
आणि आई बरी होऊन येणार आहे,
कदाचित गुरुवारच्याच लाँचनं.

शेगडीत लाकूड घातलं.
चहा केला, प्यायले नाही.
फाईल बंद केली नव्हती,
त्यामुळे मागे जायची वाट अजून उघडी होती.
किती वेळ बसले माहीत नाही,
स्क्रीन दोनदा अंधारला.

मग अनडू.
रोसामेलची आई पुन्हा वारली.

शनिवारच्या फाईलीत फक्त एदिता आहे,
तिची लाँच, तिची पोती. लोक हसतील.
एदितासुद्धा हसेल, पुढच्या रांगेत, हातात विणकाम.
पोत्यांनंतर एक श्वास येतो, कागद उलटतो,
आणि लगेच अकॉर्डियन.
तो श्वास कापा, असं संचालकांनी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नाही.
उलट जुन्या फाईलीतून थोडी शांतता उचलून
त्याच्या मागे लावली.
पाव सेकंद असेल.